झाडं उभी आहेत का?

मार्च लागला की आमच्या टालशेर बेटावर कोणी कोणाला हवापाण्याचं विचारत नसे. लग्नाचा दिवस धरायचा असो, मयत पोचवायचं असो, की दुकानात साखर कधी येणार ते बघायचं असो, प्रश्न एकच असायचा: "झाडं उभी आहेत का?"

झाडं म्हणजे स्प्रूसची रोपं. नाताळात घरात उभी करतात तसली, पुरुषभर उंच. जानेवारीत समुद्र गोठून घट्ट झाला की माझे बाबा बर्फाला भोकं पाडून ती ओळीने रोवत जायचे, आमच्या बेटापासून थेट स्टूरलांदच्या धक्क्यापर्यंत. स्टूरलांद हे मोठं बेट. चर्च, डॉक्टर, सुईण, सगळं तिकडे. झाडांच्या कडेने गेलं की माणूस, घोडा, लाकडांनी भरलेली बर्फगाडी, काहीही सुखरूप पार होई. धुकं असलं तरी एका झाडापाशी उभं राहून पुढचं दिसायचं. आणि वसंतात ज्या दिवशी बाबा झाडं उपटायला लागायचे, त्या दिवसापासून वाट बंद. पाटी नाही, दवंडी नाही. झाड उभं असणं हा वालफ्रिदचा, म्हणजे माझ्या बाबांचा, शब्द आणि झाड नसणं हाही वालफ्रिदचाच शब्द. मग काही आठवडे आमची ना होडी, ना गाडी. बर्फ गाडीला धरायचा नाही आणि होडीला सोडायचा नाही.

पंचायत बाबांना या कामाचा थोडा मोबदला द्यायची, पण ते काही त्यासाठी करत नसत. त्यांच्या वडिलांनी केलं होतं, त्यांच्या हातात काठी आली होती. आम्ही दोघी बहिणी. धाकटीला थंडी सोसायची नाही, म्हणून काठी उचलायला बाबांबरोबर मी जायची. काठी चांगली जड होती, खाली लोखंडी टोक. बाबा चालता चालता ती पुढे सोडायचे. आपटायची नाही, नुसती सोडायची. तिचं वजनच काय ते बोलायचं.

"काय म्हणाली?" बाबा मला विचारायचे.

"ठक म्हणाली."

"ठक सगळेच म्हणतात. कुठून म्हणाली? वरून की पोटातून?"

मला वाटायचं बाबा माझी गंमत करताहेत. पुष्कळ हिवाळे गेल्यावर एकदा मला ते ऐकू आलं, आणि त्यानंतर ते ऐकू न येण्याचं कसं असतं हेच मी विसरून गेले. कोवळा बर्फ बडबड्या असतो. काळा, लवचीक, पायाखाली कुरकुरतो, गातो, तडकतो, पण सांभाळतो. वसंतातला बर्फ त्याच्या उलट. हातभर जाड, पांढराशुभ्र, एकदम सभ्य. आतून मात्र मेणबत्त्यांच्या जुडीसारखा सुटा झालेला. रात्री थंडी पडली की जुडी पुन्हा चिकटते, सकाळी तिच्यावर नाचलात तरी चालेल. ऊन वर आलं की दोरी सुटते. तो जाताना आवाज करत नाही.

"कोवळा ओरडून सांगतो, म्हातारा न सांगता जातो," बाबा म्हणायचे. "माणसांचंही तसंच आहे म्हणा."

वाटेवर मध्यावर दोन खडक होते आणि त्यांच्या मधून खालच्या पाण्याचा ओढा जोरात वाहायचा. त्या जागेला आम्ही नरडं म्हणायचो. बाकी वाट कितीही घट्ट असली तरी बाबा नरड्यावरून वर्षाचा निकाल द्यायचे. दोन्ही बेटांवरून ते दिसत नसे, खडकांच्या आड जायचं. मला वाटतं, पुढे जे झालं त्यात या आड असण्याचा बराच हात आहे.

मी एकोणीस वर्षांची होते त्या वर्षीची ही गोष्ट. मार्च संपत आला होता. बाबांनी सकाळीच झाडं काढायला घेतली होती, नरड्याच्या दोन्ही बाजूंची काढून झाली होती. आम्ही घरी येऊन जेवायला बसलो. काळा पाव, खारवलेली हेरिंग मासळी, उकडलेले बटाटे. तेवढ्यात शेजारचा एवाल्ड दार न वाजवता आत आला. एवाल्ड तिशीचा, उंच, अबोल माणूस. त्याची बायको सिग्ने गरोदर होती. दर जानेवारीत झाडं रोवायला बाबांच्या हाताखाली असायचा. त्याच्या अंगात कोट नव्हता.

"काका, ब्लेन्डा घोडी गाडीला जुंपली आहे. तुम्ही फक्त काठी घेऊन पुढे चला."

"कोणाला काय झालं?"

"सिग्नेला. रक्त थांबत नाही. अजून दोन महिने होते हो तिला."

आईने हातातला बटाटा तसाच ताटलीत ठेवला आणि शाल घेऊन त्याच्या घराकडे पळाली. आमच्या बेटावर टेलिफोन एकच, आग्दाच्या दुकानात. आग्दाने तोवर स्टूरलांदला लावला होता. डॉक्टर म्हणाले, आणा, लगेच आणा.

बाबा उठले, काठी घेतली आणि गेले. मी मागोमाग. दुपारचं ऊन लख्ख पडलं होतं आणि बर्फावर पाण्याची पातळ चकाकी होती. नरड्यापाशी बाबांनी काठी सोडली. ती ठक म्हणालीच नाही. नुसती आत गेली, चिखलात जाते तशी. बाबांनी ती ओढून काढली, चार पावलं बाजूला जाऊन पुन्हा सोडली. मग वळले.

किनाऱ्यावर एवाल्ड घोडीचा लगाम धरून उभा होता. गाडीत मेंढीची कातडी अंथरली होती.

"गाडी नाही," बाबा म्हणाले. "बर्फहोडी काढा."

बर्फहोडी म्हणजे तळाला लोखंडी पट्ट्या मारलेली होडी. दोन्ही कडांना दोन-दोन माणसं लागतात. बर्फ धरेल तिथे ओढायची, मोडेल तिथे उडी मारून आत बसायचं आणि वल्हवायचं. नरड्यातून ती जात नाही, बाहेरून मोठा वळसा घालून जाते. माणूस बुडत नाही, पण वेळ फार लागतो.

"होडीला संध्याकाळ होईल!"

"होय."

"गाडीने तासही लागणार नाही! काल मी याच वाटेने मिठाची पोती आणली."

"काल आणलीस."

"काका, ती मरेल."

"गाडी पोचणार नाही, एवाल्ड."

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

पुढच्या आयुष्यात मी डॉक्टर पाहिले, बोटींचे कप्तान पाहिले, पुलांचे इंजिनियर पाहिले. ज्यांना आपलं काम येतं ती माणसं अशा वेळी फार थोडं बोलतात. आणि समोरच्याला नेमकं तेव्हाच पुष्कळ ऐकायचं असतं.

होडीत सिग्नेचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले होते. चौघे ओढत होते, एवाल्ड त्यांत पुढे. बाबा काठी घेऊन त्यांच्याही पुढे. सिग्ने माझ्याहून थोडीच मोठी होती. शाळेत तिच्या वेणीला मी शाई लावली होती ते तिला आठवत होतं. पहिल्यांदा ती पुष्कळ बोलली, मग कमी.

"गेर्दा, त्याला विचार ना, भट्टीतला पाव काढला का?"

मी ओरडून विचारलं. एवाल्डने ऐकलं नाही, की ऐकून उत्तर दिलं नाही, मला ठाऊक नाही.

"काढला म्हणतोय," मी सांगितलं.

"मग बरं," ती म्हणाली.

स्टूरलांदचं चर्च दिसायला लागलं होतं. धक्क्यावर सुईण सिस्टर टेकला आणि डॉक्टर दिवा घेऊन उभे होते. आम्ही पोचलो तेव्हा माझ्या मांडीवर नुसतं वजन होतं. आम्ही परत आल्यावर आई एवाल्डच्या घरात गेली. भट्टीत पाव कोळसा होऊन पडले होते.

तिसऱ्या दिवशी सिग्नेला पुरायचं होतं, स्टूरलांदलाच. तिला आम्ही तिकडेच ठेवून आलो होतो. आदल्या रात्री कडाक्याची थंडी पडली. उजाडता उजाडता एवाल्डने ब्लेन्डाला रिकाम्या गाडीला जुंपलं आणि झाडं नसलेल्या वाटेवर निघाला. आईने खिडकीतून पाहिलं आणि बाबांना हाक मारली. बाबा किनाऱ्यापर्यंत धावले. त्यांनी हाकही मारली असेल, पण एवाल्डने मागे पाहिलं नाही.

दुपारी तो परत आला. घोडीच्या बाजूने चालत. तिच्या अंगावर पोटापर्यंत घोंगडी टाकली होती, ती वाफाळत होती. आग्दाच्या दुकानासमोर सगळे जमले होते.

"आलो ना?" एवाल्ड म्हणाला. बाबांकडे पाहून नव्हे, सगळ्यांकडे पाहून. "गेलो नि आलो. घोडीसकट आलो ना?"

म्हाताऱ्या ओसियानने तोंडातला पाइप काढला आणि पुन्हा घातला. आमच्याकडे त्याला बोलणंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा मला घेऊन निघाले. गाडीच्या पट्ट्यांच्या खुणा सरळ गेल्या होत्या. नरड्यात मात्र त्या एके ठिकाणी थांबल्या. तिथे एक मोठं भोक होतं, रात्रीच्या थंडीने वर साय धरलेलं. भोवतीचा बर्फ तुकडे तुकडे होऊन पुन्हा चिकटला होता. काठाच्या धारेला तांबूस केस अडकले होते, थोडं रक्तही होतं. परतीच्या वेळी, ऊन वर आल्यावर, ब्लेन्डाचे मागचे पाय आत गेले होते. खूप धडपडून ती वर आली होती. आणि गाडी रिकामी होती. रात्रभर गोठलेल्या बर्फावर.

त्या भरल्या दुपारी सिग्ने गाडीत असती, कातडी असती, शेजारी नवरा असता, पुढे बाबा असते, तर काय झालं असतं ते त्या भोकात स्वच्छ दिसत होतं.

"बाबा, चला, सगळ्यांना आणून दाखवू," मी म्हणाले. "आत्ताच. ऊन यायच्या आत."

बाबा खाली बसले. केस काठावरून सोडवले आणि पाण्यात टाकले.

"बाबा!"

"गेर्दा, त्याच्याकडे बायको नाही, पोर नाही. माझ्यावरचा राग तेवढा आहे. तोही काढून घेऊ?"

"लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"म्हणू देत. पुढच्या वर्षी झाडं दिसतील ना त्यांना."

दोन दिवसांत नरडं मोकळं झालं. भोक कुठे होतं ते सांगायला भोकाभोवती बर्फच उरला नाही. घरी मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी बोलायचं नाही ठरवलंय, म्हणजे नाही बोलायचं." ब्लेन्डा बरेच दिवस तबेल्याबाहेर दिसली नाही.

माझ्या कामाच्या आयुष्यात मी या गोष्टीवर जितका विचार केला तितका दुसऱ्या कशावर केला नाही. सुताराची खुर्ची मोडली नाही तर लोक तिच्यावर बसतात आणि सुताराचं नाव निघतं. बर्फ पाहणारा बरोबर निघाला तर काहीच घडत नाही. जो माणूस बुडाला नाही त्याला आपण बुडलो नाही हे कळत नाही. त्याला एवढंच कळतं की उशीर झाला, लाकडं पडून राहिली, डॉक्टर भेटला नाही. बाबांच्या हातात दाखवायला आयुष्यात एकदाच काहीतरी आलं होतं, तेही त्यांनी पाण्यात टाकलं. दयेने टाकलं. ती दया योग्य होती का, हे मला कोणी अजून विचारतं. कोणी म्हणजे मीच.

पुढच्या हिवाळ्यात झाडं रोवायला एवाल्ड आला नाही. बाकी सगळं वरवर तसंच होतं. बेटावर बाबांची चेष्टा पूर्वीपासून व्हायची. ओसियान म्हणायचा, "वालफ्रिदला अंथरुणात घाम फुटला की वसंत आला समजा." बाबाही हसायचे. आता चेष्टा तीच होती, पण हसू लवकर थांबत नसे.

"झाडं कशाला मोजता? एवाल्डला विचारा. त्याने घोडीने मोजलाय बर्फ."

"वालफ्रिदचं काय, त्याच्या काठीला पाणी जरा लवकर दिसतं."

"एखादीचा जीव जाईल इतकं लवकर दिसतं," कोणीतरी मागून हळूच म्हणालं. कोण ते मला माहीत आहे. तीही आता गेली.

बाबा घरी येऊन काठीला तेल लावत बसायचे. मी पाहिलं, ते बर्फावर आता एका जागी दोनदा काठी सोडायचे. मग तीनदा. "काय म्हणाली?" मला विचारायचे, पण आता शिकवायला नाही, खरंच विचारायचे. मला त्याची भीती वाटायची.

मार्चच्या शेवटी एका सकाळी त्यांनी झाडं काढायला सुरुवात केली. आमच्या बाजूची पहिली काही काढून त्यांनी बर्फावर आडवी ठेवली होती, तेवढ्यात ओसियान आणि आणखी काही जण किनाऱ्यावर आले. त्यांची लाकडं रचून तयार होती, स्टूरलांदला जायची होती. सगळ्यांच्या मागे एवाल्ड उभा होता.

"वालफ्रिद, थांब रे बाबा," ओसियान म्हणाला. "शनिवारपर्यंत राहू दे. रात्री कशी थंडी पडतेय बघतोस ना?"

"दुपारी काय पडतं ते बघतोयस?"

"गेल्या वर्षीही असंच म्हणालास."

बाबांनी सगळ्यांच्या डोक्यावरून मागे पाहिलं.

"एवाल्ड, तुझं काय म्हणणं?"

मला वाटलं, आता. आता हा माणूस सांगेल. त्या दोघांखेरीज तिथे फक्त मला ठाऊक होतं काय विचारलं जातंय ते. एवाल्डने आपल्या बुटांकडे पाहिलं.

"राहू द्या की," तो म्हणाला.

बाबांनी खाली पडलेलं एक झाड उचललं, त्याच्या भोकात पुन्हा रोवलं आणि बुडाशी बुटाने बर्फ दाबला. मग दुसरं. काढलेलं झाड त्यांना परत लावताना मी कधी पाहिलं नव्हतं. आजोबांनीही लावलं नसेल. मी त्यांच्या दंडाला धरलं तर म्हणाले, "सगळ्यांचे डोळे फुटलेत आणि माझेच शाबूत आहेत, असं कसं होईल, गेर्दा?"

लाकडांच्या गाड्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेल्या आणि ऊन चढायच्या आत परत आल्या. ओसियानने बाबांना कॉफी पाजली, पाठीवर थाप मारली. "बघ, धरला ना?"

त्याच दिवशी दुपारी दुकानातला टेलिफोन वाजला. सिस्टर टेकला बोलत होत्या. त्या स्टूरलांदला राहायच्या, मुख्य भूमीवरच्या शहरातून आलेल्या, ठेंगण्या, मोठ्याने हसणाऱ्या. सिग्नेनंतर त्यांनी ठरवलं होतं की वाट बंद व्हायच्या आधी टालशेरला येऊन राहायचं, कोणी दिवस भरत आलेली असेल तर. त्या वर्षी ओसियानची सून होती. बर्फातलं त्यांना काहीसुद्धा कळत नसे आणि त्या ते लपवायच्याही नाहीत. "मला बाळ कुठल्या अंगाने येतंय ते विचारा, बर्फाचं वालफ्रिदना विचारा," असं म्हणायच्या.

त्यांनी आग्दाला एवढंच विचारलं, "काय गं, झाडं उभी आहेत का?"

आग्दाने खिडकीतून पाहिलं.

"आहेत सिस्टर. रांगेत उभी आहेत."

"मग कॉफी टाक. आले मी."

आग्दा हे पुढे मरेपर्यंत सांगायची. प्रत्येक वेळी शेवटी म्हणायची, "उभीच होती ना ती? मी खोटं काय बोलले?" आणि प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो, "नाही आग्दाकाकी, उभीच होती."

त्यांची पायगाडी सापडली. पुढे खुर्ची असलेली, मागे उभं राहून एका पायाने ढकलत न्यायची ती गाडी नरड्यात तिरकी होऊन थांबली होती, एक पट्टी पाण्यात. दांड्याला त्यांची पिशवी तशीच, बंद घातलेली. दोन्ही बाजूंना बाबांची झाडं. त्या स्वतः मे महिन्यात सापडल्या.

ओसियानच्या सुनेला मुलगी झाली, माझ्या आईनेच सोडवलं. मुलीचं नाव टेकला ठेवलं.

बाबांना कोणी काही बोललं नाही. गेल्या वर्षी ते बरोबर होते तेव्हा सगळा गाव बोलत होता. या वर्षी चुकले तर सगळे त्यांच्याशी प्रेमाने वागत होते, मासे आणून देत होते. मला ते प्रेम बघवत नसे. झाडं त्यांनी एकट्याने काढली. किनाऱ्यावर रचून पेटवून दिली, आणि काठी दाराच्या मागे उभी केली. त्यानंतर बाबांनी बर्फावर पाय ठेवला नाही. चर्चलाही ते उन्हाळ्यातच जायचे.

पुढच्या डिसेंबरात पंचायतीने विचारलं, आता हे काम कोण घेतो? कोणी हात वर केला नाही. मी केला.

"बाईमाणूस बर्फ बघणार?" ओसियान म्हणाला.

"तुझ्या घरचा बर्फ बाईच बघते रे," आग्दा म्हणाली. "म्हणून अजून जिवंत आहेस."

सगळे हसले, आणि काम माझ्याकडे आलं. ते मी पुढे फेरीबोट येईपर्यंत केलं. आता तर समुद्र धड गोठतच नाही. फेब्रुवारीत खिडकीबाहेर काळं पाणी हलत असतं. माझी नातवंडं काठीला म्हातारीची काठी समजतात, आणि तशी ती आता आहेही. पण मार्च आला की मी अजून सकाळी किनाऱ्यापर्यंत जाते. तिथे बघायला काही नसतं. सवय आहे.

एक दिवस सांगायचा राहिला. माझा पहिला वसंत.

मी झाडं काढायला निघाले त्या दिवशी किनाऱ्यावर पुन्हा माणसं जमली. तुम्हाला वाटेल, टेकलांच्या नंतर कोण अडवेल? पण माणसाला लाकडं पोचवायची असतात, गवत आणायचं असतं. आणि मी बाई होते, वयाने लहान होते. या वेळी बोलला तो एवाल्डच. त्याचं गवत संपलं होतं. स्टूरलांदला त्याने ठरवून ठेवलं होतं.

"उद्यापर्यंत राहू दे, गेर्दा. एक दिवस. पहाटे जाऊन येतो."

"नाही."

"वर्षापूर्वीचं मनात धरून बसलीस तू. घाबरलीस. दोन वर्षांपूर्वी मी याच दिवसांत गेलो नि आलो, सगळ्यांनी पाहिलंय."

पाठीमागे कोणीतरी हुंकार भरला. मी काठी बर्फावर टेकवली. बाबा म्हणाले होते, तोही काढून घेऊ? मला ते शब्द आठवत होते. मला टेकलांची पिशवीही आठवत होती, तिचा तो बंद.

"एवाल्ड," मी म्हणाले, "ब्लेन्डाचे मागचे पाय कशाने सोलले होते?"

त्याने नरड्याच्या दिशेने पाहिलं.

"नरड्यात भोक होतं. काठावर तिचे केस होते. मी पाहिलेत. बाबांनी पाहिलेत. गाडी रिकामी होती आणि रात्रभर गोठलं होतं, तरी ती आत गेली. बाबा बरोबर होते. तुला त्याच दिवशी कळलं होतं. आणि गेल्या वर्षी त्यांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं."

ओसियान एवाल्डकडे बघत होता. त्याची नात तेव्हा घरात रांगत होती.

"खरं आहे का रे?" त्याने विचारलं.

"होय," एवाल्ड म्हणाला. मग मला म्हणाला, अगदी हळू, तक्रार नव्हे, नुसतं सांगावं तसं, "मला तेवढं एकच उरलं होतं गं."

"ठाऊक आहे," मी म्हणाले आणि पहिलं झाड उपटलं.

कोणी मदत केली नाही, कोणी अडवलंही नाही. त्या उन्हाळ्यात एवाल्डने ब्लेन्डा विकली आणि मुख्य भूमीवर तुर्कूला निघून गेला. तिथे काय काम करायचा ते कळलं नाही. सिग्नेच्या थडग्यावर फुलं ठेवायला तो कधी आल्याचं कोणी सांगितलं नाही. मी ठेवते.

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. बाबा खिडकीशी बसले होते. आईने कॉफी ठेवली आणि मुद्दाम गोठ्यात निघून गेली. बाबांनी साखरेचा खडा दातांत धरला, बशीतून कॉफी प्यायले.

"मी नसतं सांगितलं," शेवटी ते म्हणाले.

"माहीत आहे."

"त्याला आता इथे राहता येणार नाही."

"माहीत आहे, बाबा."

त्यांनी मान हलवली. रागावले होते का, मला अजून सांगता येणार नाही. त्यांनी बशी खाली ठेवली आणि बाहेर पाहिलं. झाडं नव्हती, नुसता पांढरा समुद्र होता.

"नरड्यात काठी सोडलीस?"

"सोडली."

"काय म्हणाली?"

"काहीच नाही म्हणाली. आत गेली."

"हां," बाबा म्हणाले. आणि मग, मी लहान असताना विचारायचे त्याच आवाजात, "उत्तरेकडच्या खडकाच्या बाजूने पाहिलंस? तिथे आधी सुटतो."

"पाहिलं."

"मग ठीक," बाबा म्हणाले, आणि कप पुढे केला. मी त्यात कॉफी ओतली.